केसपेपर कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सरकारी रुग्णालयात सत्ता कोठे असते असे विचारले, तर कोणी अधिष्ठात्यांच्या दालनाकडे बोट दाखवील, कोणी औषधखरेदीच्या फायलींकडे. खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या कागदाकडे सहसा कोणी पाहणार नाही. वस्तुतः त्या कागदावर परिचारिका दिवसरात्र ताप, नाडी, श्वास, लघवीचे मान, दिलेले औषध आणि रुग्णाने सांगितलेले दुखणे लिहीत असते, आणि फेरीवर आलेला डॉक्टर आधी तो कागद पाहतो, मग रुग्ण. (काही डॉक्टर रुग्णाकडे पाहतच नाहीत, परंतु तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.) पुढे प्रकरण न्यायालयात गेले, विम्याचा दावा अडला किंवा मृत्यूच्या कारणाविषयी वाद निघाला, तर साक्ष त्याच कागदाची काढली जाते. हा कागद आता झपाट्याने संगणकाच्या पडद्यावर जात आहे, आणि खेड्यात तर थेट आशाताईच्या मोबाईलमध्ये. तेथून तो पुढे कोठे जातो हे लिहिणारीला ठाऊक नसते, आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला तर मुळीच नसते.

या क्षेत्राला इंग्रजीत ‘नर्सिंग इन्फर्मॅटिक्स’ म्हणतात. मराठीत परिचर्या-माहितीशास्त्र म्हणता येईल. अमेरिकन परिचारिका संघटनेने १९९२ मध्ये त्याला परिचर्येची एक स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली. नाव बोजड असले तरी प्रश्न साधा आहे. शुश्रूषा करताना माणसाविषयी जे कळते ते कसे नोंदवावे, कोणाला द्यावे आणि कोणापासून राखावे? राजकीय कार्यकर्ते हा प्रश्न तंत्रज्ञांचा समजून सोडून देतात. तो सोडून दिल्याने काय होते, हे गेल्या काही वर्षांत पुरेसे दिसले आहे.

येथे एक भेद प्रथमच स्पष्ट केला पाहिजे. रुग्णांविषयीच्या माहितीत दोन निराळ्या वस्तू एकत्र नांदत असतात. एक म्हणजे आकडा: या तालुक्यात गेल्या वर्षी किती अर्भके दगावली, किती बाळंतिणींना रक्त मिळाले नाही, कोणत्या वस्तीत क्षयाचे रुग्ण वाढले. दुसरी म्हणजे नाव: कोणत्या घरातील कोणत्या बाईचा गर्भपात झाला, कोणत्या तरुणाला एचआयव्हीची लागण आहे, कोण मनोविकारावर गोळ्या घेतो. आकडा समाजाचा असतो, कारण त्यावरच सत्तेला जाब विचारता येतो. नाव रुग्णाचे असते, कारण ते त्याने केवळ बरे होण्यासाठी विश्वासाने सांगितलेले असते. आज व्यवहार नेमका उलटा चालला आहे. आकडा दडवला जातो, उशिरा येतो, वादात पडतो; आणि नाव मात्र एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात मुक्तपणे फिरते.

आकड्याचे सामर्थ्य ज्या परिचारिकेने प्रथम ओळखले, तिचा दिवा सर्वांना माहीत आहे, वही फारशी कोणाला माहीत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल नोव्हेंबर १८५४ मध्ये क्रिमियन युद्धातील जखमींच्या शुश्रूषेसाठी स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या, तेव्हा तेथे घाण होती, उंदीर होते, आणि मृतांच्या नोंदीही धड नव्हत्या. एका वहीतील आकडा दुसऱ्या वहीशी जुळत नसे. युद्ध संपल्यावर त्यांनी हिशोब मांडून दाखवला, की सैनिक शत्रूच्या गोळ्यांपेक्षा रुग्णालयातील टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक मेले. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. त्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य. १८६० मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात अशी त्यांची योजना मांडली गेली. एका रुग्णालयातील मृत्यू दुसऱ्याशी ताडून पाहता आले, की व्यवस्थापकांना लपायला जागा उरणार नाही, हा त्यामागचा हेतू होता. रुग्णालयांना ती योजना जाचक वाटली आणि ती पुढे मागे पडली, यात नवल नाही.

हिंदुस्थानचाही या बाईंच्या वहीशी संबंध आहे. १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगासाठी त्यांनी येथील लष्करी ठाण्यांकडे छापील प्रश्नपत्रिका धाडल्या, आलेल्या उत्तरांचे ढीग चाळले आणि १८६३ च्या अहवालात गोऱ्या सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९ असल्याचे जगापुढे आले. स्वतः त्या या देशात कधीही आल्या नाहीत. पुढे त्यांचे लक्ष सैनिकांवरून खेड्यांतील रयतेकडे वळले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. साम्राज्याच्या चौकटीबाहेर त्या गेल्या नाहीत, हे खरेच. तथापि शुश्रूषा करणाऱ्या बाईने मांडलेला आकडा मंत्रिमंडळाला हलवू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले. त्या आकड्यांत कोणा सैनिकाचे नाव असण्याची गरज पडली नव्हती.

नोंद आणि दंडसत्ता एकत्र आली म्हणजे काय घडते, याचा धडा पुण्याने १८९७ साली घेतला आहे. प्लेगच्या बंदोबस्तासाठी त्या वर्षी साथरोग कायदा आला, आणि रँड यांच्या अधिकारात गोऱ्या सैनिकांनी घरोघर झडत्या सुरू केल्या. रुग्ण सापडला की त्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत हलवायचे, सामान जाळायचे, असा खाक्या. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले. जी नोंद साथ रोखण्यासाठी हवी होती, तीच दहशतीमुळे खोटी झाली. त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. एकाच शहरात, एकाच साथीत रोग्यापर्यंत पोहोचण्याचे हे दोन मार्ग होते. यांपैकी कोणत्या मार्गाने रोग्याचे दार उघडते, हे सांगायला संगणक लागत नाही.

स्वतंत्र भारतातील आकड्याची गोष्टही महाराष्ट्रातच सापडते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातीलच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. नवजात अर्भकाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि हे सर्व छापील तक्त्यावर टिपणे, ही त्यांची कामे. ३९ गावांत हे काम चालले, शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली गेली, आणि नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. त्यानंतर ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यातील बालमृत्यू सरकारी दफ्तरातील नोंदीपेक्षा कितीतरी अधिक आहेत असे दाखवून दिले. प्रारंभी नाकारले, पण अखेर शासनाला त्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमावी लागली. कमी शिकलेल्या बाईची प्रामाणिक नोंद मंत्रालयाच्या तक्त्याहून खरी ठरू शकते, ती का? कारण नोंद करणारी त्याच गावची असते, तिला मेलेले मूल परके नसते, आणि खरा आकडा लिहिला म्हणून तिच्यावर कारणे दाखवा नोटीस निघत नाही. सरकारी उपकेंद्रातील एएनएमचे तसे नाही. तिच्या कार्यक्षेत्रात बालमृत्यू नोंदला गेला की आढावा बैठकीत पहिली झाडाझडती तिचीच होते. मग आकडा खाली ठेवण्याकडे साऱ्या यंत्रणेचा कल झाला, तर दोष एकट्या एएनएमचा कसा? पुढे २०११ मध्ये आशांमार्फत घरोघर नवजात बालकांची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर स्वीकारला गेला, हे मात्र आवर्जून नमूद केले पाहिजे.

आकड्याचा झगडा अजून संपलेला नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० व २०२१ या दोन वर्षांत भारतात कोरोनाच्या साथीमुळे सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. सरकारी नोंद सुमारे ४ लाख ८१ हजारांची होती. केंद्र सरकारने त्या अंदाजाच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. अंदाजाची पद्धत तपासणे हे शास्त्राचे कामच आहे. परंतु गावोगावच्या मृत्युनोंदी वेळच्या वेळी लोकांपुढे ठेवल्या गेल्या असत्या, तर अंदाजाचा आधार घेण्याची पाळी कोणावर फारशी आली नसती.

आता नावाकडे वळायचे. परिचर्येच्या व्यवसायात रुग्णाचे गुपित राखणे हा नवा नियम नाही. नाइटिंगेल यांच्या नावाने ओळखली जाणारी परिचारिकांची प्रतिज्ञा १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या प्रशिक्षण शाळेत तयार झाली. तिच्यातही रुग्णाच्या खाजगी गोष्टी राखण्याचे वचन आहे. भारतीय कायद्यात तर याचा एक अत्यंत शहाणा नमुना सापडतो. गर्भपाताविषयीच्या २००३ च्या विनियमांनुसार स्त्रीचे नाव फक्त दाखल-नोंदवहीत लिहायचे. ती वही गोपनीय. केसपेपर, शस्त्रक्रियागृहाचे रजिस्टर, पुढील तपासणीचे कार्ड, यांवर नाव न लिहिता केवळ अनुक्रमांक घालायचा. एक वही, एक कुलूप, एक जबाबदार माणूस. संगणकतज्ज्ञ ज्याला मोठमोठी नावे देतात, ते तत्त्व येथे साध्या शाईने अमलात आणलेले आहे. एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा आणि त्याच वर्षीचा मानसिक आरोग्यसेवा कायदा, या दोहोंतही गोपनीयतेची स्पष्ट कलमे आहेत. ही कलमे आपोआप आली नाहीत. लागण झालेल्या लोकांना नोकरीवरून काढले जात होते, घरातून बाहेर घातले जात होते. त्यांनी व त्यांच्या संघटनांनी ती झगडून मिळवली.

कुलपाची वही फोडायला माणूस प्रत्यक्ष खोलीत यावा लागतो. संगणकातील वही हजारो मैलांवरून फोडता येते, आणि एका वेळी एकच नव्हे, साऱ्याच. फिनलंडमध्ये मानसोपचार देणाऱ्या वास्तामो या खाजगी कंपनीच्या नोंदी चोरीला गेल्याचे ऑक्टोबर २०२० मध्ये उघडकीस आले. रुग्णांनी बंद दाराआड समुपदेशकाला जे सांगितले होते ते चोराच्या हाती पडले, आणि त्याने हजारो रुग्णांना एकेकटे गाठून खंडणी मागितली. भारतात २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाची संगणकयंत्रणा हल्ल्याने बंद पडली. सुमारे दोन आठवडे नोंदणीपासून तपासणी-अहवालांपर्यंतचे काम हाताने, कागदावर चालवावे लागले. ते ओझे कोणावर पडले असेल, हे वॉर्डात एक रात्र काढलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये एका जर्मन सुरक्षा कंपनीने दाखवून दिले होते, की लाखो भारतीय रुग्णांची एक्स-रे, स्कॅन इत्यादी चित्रे नावासकट इंटरनेटवर उघडी पडली आहेत, आणि त्या यादीत महाराष्ट्र पहिला आहे. तेथे कोणी कुलूप फोडले नव्हते. कुलूप लावलेच गेले नव्हते.

चोरी हा प्रश्नाचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग कायदेशीर, शिस्तबद्ध आणि सभ्य आहे, म्हणून तो अधिक धोक्याचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत उघड झाले, की असेन्शन या मोठ्या रुग्णालय-साखळीने आपल्या कोट्यवधी रुग्णांच्या नोंदी गूगल कंपनीला दिल्या. रुग्णांना वा डॉक्टरांना त्याची कल्पना नव्हती. दोन्ही कंपन्यांनी हे तेथील कायद्याला धरूनच आहे असे सांगितले. त्या प्रकल्पाचे नाव होते ‘प्रोजेक्ट नाइटिंगेल’. ज्या बाईने आकडे काढून सरकारला जाब विचारला, तिचे नाव नावांच्या गठ्ठ्याला देण्यात आले. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाने सुमारे १६ लाख रुग्णांच्या नोंदी गूगलच्याच डीपमाइंड कंपनीला दिल्या, तेव्हा ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी जुलै २०१७ मध्ये त्या व्यवहारात कायद्याचा भंग झाल्याचा निर्णय दिला. रुग्णाचे दुखणे हा भांडवलाचा कच्चा माल झाला आहे. खाणीतील मालासाठी निदान स्वामित्वशुल्क तरी भरावे लागते. येथे तेही नाही.

या देशात २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू झाले. प्रत्येकाला ‘आभा’ नावाचा चौदा अंकी आरोग्य क्रमांक, आणि त्याच्याभोवती देशभरातील नोंदी जोडण्याची योजना. असे क्रमांक ७० कोटींच्या वर गेले आहेत. कागदोपत्री हा क्रमांक ऐच्छिक आहे. प्रत्यक्षात २०२१ मध्ये कोरोनाची लस घेण्यासाठी ज्यांनी आधार क्रमांक दाखवला, त्यांतील अनेकांना लसीच्या प्रमाणपत्रावर छापलेला आरोग्य क्रमांक पाहूनच कळले, की तो आपल्या नावे तयार झाला आहे. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत ताप आलेले मूल कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईला “आभा काढा, मग केसपेपर मिळेल” असे सांगितले, तर ती कशाला नाही म्हणेल? संमती नावाची वस्तू नाकारण्याची शक्ती ज्याच्यापाशी आहे त्याच्याकडूनच घेता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क या रांगेपर्यंत अजून पोहोचलेला नाही.

कायद्याची स्थिती थोडक्यात अशी. आरोग्याच्या नोंदींसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केला होता; त्याचा कायदा झाला नाही. २०११ च्या नियमांत वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील’ गटात मोडत होत्या, पण ते नियम कंपन्यांपुरते होते. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात असा वेगळा गटच नाही. शिवाय अनुदान व सेवा देण्यासाठी शासनाला संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा आहे, आणि शासनाच्या अधिसूचित यंत्रणांना सूट देण्याची सोय आहे. त्याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मधील वैयक्तिक माहितीविषयीचे पोटकलम बदलले, आणि त्या पोटकलमात असलेला व्यापक जनहिताचा उल्लेख गेला. म्हणजे अधिकाऱ्याविषयी विचारणाऱ्या नागरिकाला ‘हे वैयक्तिक आहे’ असे उत्तर देणे सोपे झाले, आणि रुग्णाविषयी विचारणाऱ्या शासनाला पूर्वीपेक्षा कठीण काहीच झाले नाही.

या साऱ्या यंत्राच्या तळाशी राबणाऱ्या स्त्रियांविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. यंत्रात माहिती आपोआप शिरत नाही. ती कोणीतरी बोटाने भरते. मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ सुरू झाला, आणि ऑगस्टपासून महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका मोठ्या संख्येने सरकारी मोबाईल परत करू लागल्या. फोन निकृष्ट, दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या अंगावर, आणि ॲपची भाषा इंग्रजी. त्या वेळी त्यांना यंत्रविरोधी ठरवण्याचा प्रयत्न झाला; ज्यांना मराठीतून उत्तम रजिस्टरे ठेवता येत होती त्यांना परक्या भाषेत अडाणी बनवले जात होते, याची दखल थोड्यांनीच घेतली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आशा व गटप्रवर्तक संपावर गेल्या, तेव्हाही मानधनाच्या जोडीला ऑनलाइन कामाच्या सक्तीचा प्रश्न होताच. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा पोषण आहार देताना लाभार्थी स्त्रीचा चेहरा मोबाईलवर ओळखवणे बंधनकारक करण्यात आले. रेंज नाही, चेहरा जुळत नाही, सर्व्हर चालत नाही, आणि समोर गरोदर बाई उभी. सेविकेने तिच्याशी तिच्या खाण्यापिण्याविषयी, सुजलेल्या पायांविषयी बोलायचे ती वेळ आता फोन उन्हात धरण्यात जाते.

रुग्णालयातील परिचारिकेचीही तीच अवस्था. विमा व बिल डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या संगणकीय नोंदीत इंजेक्शनला रकाना असतो. रुग्णाला कुशीवर वळवणे, घाबरलेल्या नातेवाइकाला समजावणे, डॉक्टर येण्याच्या दोन तास आधी बिघाड ओळखणे, यांना रकाना नसतो. अमेरिकेत हॅरिएट वर्ली यांनी १९८० च्या दशकात परिचर्येची किमान नोंद कशी असावी याचा आराखडा मांडला, तो याच जाणिवेतून. ज्या कामाला नोंदीत नाव नाही त्याच्यासाठी पदेही मंजूर होत नाहीत. भारतीय परिचर्या परिषदेचे मान अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि अन्यत्र पाच खाटांमागे एक परिचारिका असे आहे. कोणत्याही जिल्हा रुग्णालयात रात्रपाळीला जाऊन हे प्रमाण मोजून पाहावे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

माहिती वर जाण्याची एवढी व्यवस्था आहे. खाली येण्याची काय आहे? बारा रकाने भरून देणाऱ्या बाईला तिच्या रक्तातील लोहाच्या कमतरतेविषयी तिच्या भाषेत विश्वसनीय असे काय मिळते? तिच्या फोनवर जे येते ते बहुधा विकणाऱ्याचे असते: मधुमेह मुळासकट घालवणारा काढा, मुतखडा विरघळवणारे पाणी. अशा जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ पासून पुस्तकात आहे. जिनिव्हातील एका संस्थेने १९९६ मध्ये इंटरनेटवरील आरोग्यमाहितीसाठी आचारसंहिता केली: लिहिणारा कोण, त्याची पात्रता काय, आधार कोणता, तारीख कोणती, पैसा कोणाचा, हे उघड सांगावे. ती संस्था २०२२ मध्ये बंद पडली. प्रश्न मात्र आजही तेच विचारावे लागतात. अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशानेही १९९८ मध्ये आपल्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयामार्फत ‘मेडलाइनप्लस’ ही जाहिरातमुक्त, फुकट माहितीसेवा सरकारी पैशाने सुरू केली. विश्वसनीय आरोग्यमाहिती ही सार्वजनिक नळासारखी गोष्ट आहे, हे तेथील बाजारालाही मान्य करावे लागले. मराठीत अशी सेवा सार्वजनिक खर्चाने, परिचारिका व आशांच्या सहभागाने उभी राहावी, ही मागणी राज्याच्या अर्थसंकल्पाच्या वेळी कोण लावून धरतो?

यंत्राला विरोध करणे हा या विवेचनाचा हेतू नाही. एस्टोनिया या छोट्या देशात डिसेंबर २००८ पासून आरोग्याच्या नोंदी संगणकावर एकत्र आहेत. तेथे रुग्णाला स्वतःची नोंद पाहता येते, एवढेच नव्हे, तर ती कोणी कधी उघडली हेही पाहता येते, आणि हवी तर ती बंद ठेवता येते. विनाकारण डोकावणाऱ्या डॉक्टरलाही तेथे उत्तर द्यावे लागते. वर पाहणाऱ्याचे नाव खाली दिसणे, एवढी एक गोष्ट येथील योजनेत सक्तीची केली, तर पुष्कळ चित्र पालटेल. त्याच्या जोडीला उपचार वा आहार कोणत्याही क्रमांकावाचून अडू नये. ॲप आखणाऱ्या समितीत आशा, सेविका व परिचारिका यांच्या संघटनांचे प्रतिनिधी असावेत. आणि गावचे आकडे, नावे वगळून, दर तिमाहीला ग्रामसभेच्या फळ्यावर लागावेत.

कायद्याची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही, कारण आजच्या आज वापरता येतील अशी काही हत्यारे हाताशी आहेत. रुग्णाला त्याच्या नोंदींची प्रत नाकारता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी दिल्या पाहिजेत आणि त्या किमान तीन वर्षे जपल्या पाहिजेत. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये रुग्णहक्कांची सनद दाखल झाली असून ती शुश्रूषागृहात लावणे बंधनकारक आहे. तालुक्याच्या गावी खाजगी दवाखान्यांच्या भिंती पाहत जावे. सनद कोठे आहे ते विचारावे. घरी जाणाऱ्या रुग्णासोबत कार्यकर्त्याने काउंटरवर उभे राहावे, प्रतीसाठी मराठीत लेखी अर्ज द्यावा, आणि अर्जाच्या स्थळप्रतीवर शिक्का, तारीख व वेळ घ्यावी. ७२ तास त्या वेळेपासून मोजले जातात.